माझ्यात पडलेल्या बत्तीस चिठ्ठ्या

मी हेल्मेट बोलतोय. टॅल्मन कॉलेजच्या व्यायामशाळेतल्या काचेच्या कपाटात, उजवीकडून तिसरा. तपकिरी चामडं, कपाळावर दोन पांढरे पट्टे आणि डाव्या कानापाशी जाड दोऱ्याचे सात टाके. त्या टाक्यांबद्दलच बोलायचंय.

१९५१ च्या सप्टेंबरात मी अल्टन पेटीफर्डच्या डोक्यावर आलो. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो एकटाच काळा. मी त्याला बोटभर सैल व्हायचो, म्हणून तो माझ्या अस्तराखाली वर्तमानपत्राची घडी सारायचा. दर शनिवारी नवी घडी. ओहायोतल्या त्या थंडीत त्याच्या कपाळाचा घाम मीच प्यायलो आहे.

त्याचं काम एकच. कप्तान डेल वेन्झेलने हातात दिलेला बॉल पोटाशी घट्ट धरायचा आणि समोरच्या धटिंगणांच्या भिंतीतून पळायचं. धडका मी खायचो, वाट तो काढायचा.

"अरे, बॉल आहे तो! तुझं लेकरू असल्यासारखा काय कवटाळतोस?" डेल चिडवायचा.

"तुझ्याकडे ठेवला असता तर एव्हाना अनाथाश्रमात असता," अल्टन म्हणायचा. दोघांचे सामानाचे कप्पे शेजारी-शेजारी. एकाच डब्यातलं मलम दोघं गुडघ्यांना चोळत.

२९ सप्टेंबर ते १७ नोव्हेंबर, आठ शनिवार, आठ सामने. आठही जिंकले. शेवटच्या सामन्यात माझं डाव्या कानाजवळचं अस्तर फाटलं, पण अल्टन एकटा दीडशे यार्डांच्या वर पळाला. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन कपडे बदलायच्या खोलीपर्यंत नेलं.

मग दक्षिणेतल्या एका राज्यातून पत्र आलं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीच्या मोठ्या सामन्याचं बोलावणं. टॅल्मनसारख्या लहान कॉलेजला असा मान कधीच मिळाला नव्हता. पत्रात शेवटी एक ओळ होती: आमच्या मैदानावर काळा खेळाडू उतरत नाही, तेवढं सांभाळून घ्यावं.

सोमवारी, २६ नोव्हेंबरला, कोच स्टाउफरनी ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं. अल्टन बाकावर बसलेला.

"मी कुणावर जबरदस्ती करणार नाही," कोच म्हणाले. "चिठ्ठ्या टाका. जायचं की नको. नाव लिहू नका, म्हणजे कुणाला संकोच नको."

आमच्याकडे कप्तान निवडतानाही चिठ्ठ्याच टाकत. त्या टाकायच्या हेल्मेटमध्ये, आणि हेल्मेट घ्यायचं शेवटच्या सामन्यात सगळ्यात जास्त पळालेल्या गड्याचं. तो मान समजत. डेलने रिवाजाप्रमाणे हात लांबवला, मला उचललं आणि टेबलावर उताणा ठेवला.

सामान सांभाळणारा म्हातारा ऑर्व्ह दारातून म्हणाला, "अरे, त्याच्याच डोक्यावरचं घेता?"

बत्तीस हात माझ्यात येऊन गेले. शेवटचा हात अल्टनचा.

कोचनी मोजलं. जायचं, एकतीस. नको, एक. एकतीस चिठ्ठ्या त्यांनी शेगडीत टाकल्या. बत्तिसावी टेबलावरच राहिली. अल्टनने ती उचलून खिशात घातली.

त्या आठवड्यात अल्टनच्या कप्प्याशी एकेक जण येऊ लागला. आधी डेल. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "ती एक चिठ्ठी माझी होती हं. बाकीच्यांना बोलू नकोस."

"नाही बोलणार," अल्टन म्हणाला. "आभारी आहे."

मंगळवारी दोघे आले. बुधवारी चौघे. शुक्रवारपर्यंत मी अकरा मोजले. प्रत्येकाने आवाज खाली आणून तेच सांगितलं आणि अल्टनने प्रत्येकाचे आभार मानले.

शनिवारी त्याने मला ऑर्व्हच्या हवाली केलं. ऑर्व्ह सुईत दोरा ओवत म्हणाला, "पोरा, ती चिठ्ठी माझी नव्हती. मला मतच नव्हतं."

अल्टन हसला. आठवड्यात पहिल्यांदाच. "माहितीये मिस्टर ऑर्व्ह. ती माझीच होती."

त्याने खिशातून चिठ्ठी काढली, 'नको'च्या खाली पेन्सिलीने आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि फाटलेल्या अस्तरात सारली. "शिवून टाका."

ऑर्व्हने मान खाली घालून सात टाके घातले.

मी दक्षिणेला गेलो, दुसऱ्याच डोक्यावर. तेरा विरुद्ध सात असे जिंकलोसुद्धा. हरलो असतो तर निदान कुणाला अल्टनची आठवण झाली असती. संघाचं छायाचित्र तिथेच काढलं. तेच आज माझ्यामागे लावलंय, खाली सोनेरी अक्षरांत 'अपराजित संघ'. अल्टनने पदवी पुरी केली, पण मला पुन्हा हात लावला नाही.

पन्नास वर्षांनी संघाचा मेळावा भरला. अल्टन आला नाही. डेल काठी टेकत नातीला घेऊन कपाटाशी आला.

"एकाला वगळून जायचं ठरलं होतं. विरोधात एकच मत पडलं," त्याने तिला सांगितलं. "ते माझं."

इतक्या वर्षांत त्याला ते खरंच वाटू लागलं असावं.

"आजोबा, मग वगळलेला यातला कुठला?" नातीने छायाचित्राला बोट लावून विचारलं.

डेल बराच वेळ चेहरे शोधत राहिला.

माझं चामडं आता तडकलंय. पुढल्या डागडुजीत मला फेकतीलही, खुशाल फेका. पण त्याआधी कुणीतरी डाव्या कानापाशी कात्री लावा. सातच टाके आहेत. पेन्सिलीचं अक्षर शाईसारखं विटत नाही.