काचेतलं पाणी

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे तोफ म्हणायचे. तोंड उघडलं की शिवी, आणि ती संपायच्या आत दुसरी तयार. असल्या माणसाला देव भेटला असं मी सांगितलं तर तुम्ही हसाल. आधी मीही हसलेच होते.

हे कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. बॉयलरला एक उभी काच असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पण ही काच मोठी लबाड. तिच्या नळीत गाळ बसला की जुनं पाणी तिथंच अडकून राहतं. आत तळ उघडा पडला तरी काच आपली भरलेलीच. म्हणून पाळी घेताना आणि देताना काचेखालची तोटी, म्हणजे कॉक, उघडायचा, काच रिकामी करायची आणि पाणी पुन्हा चढतंय का ते बघायचं. माझ्या सासऱ्यांनीही आयुष्यभर हेच काम केलं. कॉक उघडला की पाणी चढेपर्यंत देवाची आठवण करायची, ही सवय त्यांनीच मुलाला लावली होती. हे कॉक उघडायचे शिव्या देतच, पण तेवढा वेळ प्रार्थना पुटपुटायचे.

अशाच एका दुपारी ते घडलं. नक्की काय, ते ह्यांनाही पहिल्यांदा सांगता आलं नाही. घरी आले ते स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून बसून राहिले. "तो तिथं होता गं," एवढंच म्हणाले, "मला पुरता ओळखत होता, आणि तरी रागावला नव्हता." मग लग्नापासून ज्याने कधी कपही विसळला नव्हता, त्या माणसाने उठून सगळी भांडी घासली. शिवी त्या दिवशी गेली ती गेलीच. ते खोटं नव्हतं. मी ह्यांच्याबरोबर संसार केलाय, ह्यांचं खोटं मला चपलांच्या आवाजावरून कळतं.

गोष्ट पसरली आणि प्रार्थनेच्या सभेतून बोलावणी येऊ लागली. पहिल्या वेळी हे दोन वाक्यं बोलले आणि रडत खाली बसले. पुढे रडणं कमी होत गेलं, वाक्यं वाढत गेली. त्यात उजेड आला, मग आवाज आला, बायका डोळे पुसू लागल्या. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणायची, शिळ्या कढीला किती ऊत आणायचा माणसाने. प्रार्थना मात्र बंद पडली होती, घरातली आणि कामावरचीही. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, ज्याची भेट झाली आहे त्याचं दार रोज काय ठोठावायचं? डोक्यात हवा गेलेल्या माणसाशी वाद घालून माझंच डोकं दुखलं असतं, म्हणून मी भाजी चिरत राहिले.

प्रार्थना गेली तसं कॉक उघडणंही गेलं. दोन्ही एकाच दोरीला बांधलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

ह्यांच्यानंतरची पाळी माझ्या धाकट्या भावाची. ह्यांनीच त्याला कामाला लावलं होतं, हाताला धरून शिकवलं होतं. त्या दिवशी सभा लवकर होती. भाऊ आला तेव्हा ह्यांनी काचेकडे बघितलं, ती भरलेली होती. पाणी भरपूर आहे, असं सांगून हे सदरा बदलून निघाले. भावानेही कॉक उघडला नाही. देव भेटलेल्या माणसाचा शब्द, त्यावर पुन्हा तपासायचं कसं, त्याला अवघडल्यासारखं झालं. आत पाणी नव्हतं. पाणी कमी झालं की वाजणारी शिट्टी कधीचीच मुकी झाली होती. आतला पत्रा तापून लाल झाला, फाटला, आणि भट्टीचं दार वाफेसकट माझ्या भावाच्या अंगावर आलं.

हे त्या वेळी सभेत उजेडाबद्दल सांगत होते. मी ऐकत होते.

भाऊ वाचला. डोळे गेले, बोटं भाजून एकमेकांना चिकटली. त्याला मी आमच्याच बाहेरच्या खोलीत आणलं. कारखान्याने चौकशी केली, ज्याची पाळी त्याची चूक असं ठरवलं आणि त्याला काढून टाकलं. त्याला ते पटलंही होतं. घास भरवताना म्हणायचा, "बरोबरच आहे ताई, मी कॉक उघडायला हवा होता." ह्यांनी मला खरं काय ते सांगितलं, मोरीच्या दाराशी, खाली मान घालून. मी म्हटलं, मला नका सांगू, बाहेर खाटेवर पडलाय त्याला सांगा. त्यावर ह्यांनी तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

मग सभेचे प्रमुख घरी आले. भले गृहस्थ, पण भल्या माणसांना कधीकधी काही दिसत नाही. भावाच्या खाटेशेजारी बसून ते ह्यांना म्हणाले, देवाने तुम्हाला वेळेवर तिथून काढलं, हा दुसरा चमत्कार, तो येत्या सभेत सांगा. माझ्या हातातलं भांडं मी त्यांच्या डोक्यात घातलं नाही, एवढंच. भाऊ खाटेवरून म्हणाला, "सांगा ना दाजी. निदान तुम्ही तरी वाचलात."

सभेत हे उभे राहिले. मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवर आला.

"मला देव भेटला होता, ते खरं आहे," हे म्हणाले. "त्यानंतर मी त्याच्याकडे गेलोच नाही, तुमच्याकडेच येत राहिलो. त्या दिवशी मी नुसती काच बघितली, कॉक उघडला नाही. कित्येक दिवस उघडला नव्हता. मेव्हण्याचे डोळे मी घेतले."

कोणी डोळे पुसले नाहीत. प्रमुखांनी घसा खाकरला आणि घाईघाईने गाणं सुरू केलं. हे तिथून उठून घरी आले आणि तेच सगळं भावाला सांगितलं. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला. कित्येक दिवस त्याने ह्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. कारखान्यात सांगितल्यावर ह्यांचीही नोकरी गेली, आणि भावाला काही परत घेतलं नाही. आता मी दवाखान्यात चादरी धुते, त्यावर घर चालतं. मी ह्यांना माफ केलेलं नाही. लोक विचारतात म्हणून सांगते.

हे रोज सकाळी भावाचे हात कोमट पाण्याने धुतात, बोटांना मलम लावतात आणि तिथंच जमिनीवर प्रार्थनेला बसतात. आधी भाऊ पाठ फिरवायचा. मग एके दिवशी उठून बसला. काल मी कामावर निघताना त्याने विचारलं, "दाजी, ते परत आलं का? त्या दुपारसारखं?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"काहीच नाही," हे म्हणाले. "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"मग?"

"मग उद्या परत बसायचं. आजचं अजून व्हायचंय, चल."

मी चप्पल पायात घालून दारातच थांबले. ह्यांनी डोळे मिटले. भावाला ते मिटायची गरज नव्हती.