रोबोच्या शेजारची खुर्ची

साताऱ्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ज्ञानदा आणि लालासाहेब शेजारीशेजारी बसत. गिऱ्हाईक कंपन्यांच्या वेबसाइटवरून ऑर्डरी उचलायच्या आणि कारखान्याच्या कॉम्प्युटरवर चढवायच्या, हे त्यांचं काम. लालासाहेब फौजेतून निवृत्त होऊन आलेले.

एके दिवशी मॅनेजर विश्वजीत पुण्याहून हरखूनच आले. "आता हे सगळं रोबो करणार!"

लालासाहेबांना वाटलं, पत्र्याचा माणूस येईल. आला तो नुसता प्रोग्रॅम. पडद्यावरचा बाण आपोआप पळायला लागला, तसे ते ओरडले, "आयला, भूतच हाय की ह्यो!"

काम मात्र झपाट्यानं व्हायला लागलं. ज्ञानदाची मान दुखायची थांबली. पण पाठोपाठ लालासाहेबांची स्टोअरला बदली झाली. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं की तिला चुटपुट लागायची; रोबोला काम शिकवलं होतं तिनंच.

मग एका कंपनीनं वेबसाइटचं रूप पालटलं. रोबो बापडा जुन्याच जागी बटण शोधत राहिला. ऑर्डरीच नाहीत असं समजून सगळे निवांत. दुपारी त्या कंपनीचा फोन आला, "माल कुठाय? आमची लाइन बंद पडायची वेळ आलीय!"

विश्वजीतचा चेहरा खर्रकन उतरला. ज्ञानदानं लालासाहेबांना बोलावून घेतलं. दोघांनी मान खाली घालून ऑर्डरी हातानं चढवल्या, तेव्हा कुठे संध्याकाळी ट्रक सुटला.

"सर, रोबो चांगलाय," ज्ञानदा म्हणाली, "पण तो घाण्याचा बैल. घाणा हलवला तरी त्याला कळत नाही. शेजारी माणूस हवा. लालासाहेबांना परत आणा."

"अहो, माणसं कमी लागतील म्हणून वर सांगून बसलोय मी."

"मग आता खरं काय ते सांगा."

विश्वजीतनी पुण्याच्या हेड ऑफिसला फोन लावला. बोलणी खाल्ली, पण परवानगी मिळवली.

ज्ञानदा लगबगीनं स्टोअरला गेली. लालासाहेब दोन फिटरांशी गप्पा मारत सामान काढून देत होते. बातमी ऐकून ते ओशाळले.

"ताई, रागावू नगा. पर मला हितंच ऱ्हाऊ द्या. हितं मानसं येत्यात, बोलत्यात. परत त्या काचंकडं त्वांड करून बसवायचं न्हाई मला."

ज्ञानदाला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. शेवटी त्या खुर्चीवर डिस्पॅचची शिवांजली आली. रोबो चालतो, मधूनच अडखळतो, दोघी त्याला सावरतात. चहाची वेळ झाली की मात्र कप घेऊन स्टोअर गाठतात.