मास्तरांचा दुसरा जबाब

मास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत नोकरी केली नव्हती. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. पण गेली अठरा वर्षं दर रविवारी उपासनेनंतर ते चर्चच्या मागच्या खोलीत शिष्यत्वाचा, म्हणजे बायबल शिकवायचा, वर्ग घेत होते, म्हणून सगळी मंडळी त्यांना मास्तर म्हणायची. कंपनीतही तेच नाव चिकटलं.

त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आधी त्या वर्गात आला आणि मग कंपनीत. दोन्हीकडे त्याला मास्तरांनीच आणलं होतं. पोरगा कामाला वाघ.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. एकानं लिफ्टच्या टपावर उभं राहून रुळांना तेल द्यायचं, दुसऱ्यानं वर मशीनच्या खोलीत स्विच बंद करून थांबायचं. स्विच चालू करण्याआधी वरच्यानं हाक मारायची, खालच्यानं उत्तर द्यायचं, वरच्यानं ते उत्तर परत म्हणायचं आणि मगच हात लावायचा. मास्तरांनी हा नियम डझनभर पोरांकडून घोटून घेतला होता.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी मेहुणा टपावर होता आणि मास्तर वर. चर्चच्या मंडळीतल्या एका म्हातारीला ऑपरेशनला आत नेत होते. तिच्या मुलीचा फोन आला, आणि मास्तरांनी उभ्या उभ्या डोळे मिटून प्रार्थना केली. अगदी मनापासून केली. ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले, फोन खिशात टाकला आणि एक काम उरकून दुसऱ्याला लागावं तसा स्विच चालू केला. हाक मारलीच नाही. लिफ्ट हलली.

म्हातारी बरी झाली. मेहुण्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत मास्तर म्हणाले, “मी हाक मारली. त्यानं ‘हो’ म्हटलं.” मेहुण्याला विचारलं, तेव्हा त्यानं मास्तरांकडे बघितलं. मग म्हणाला, “मला काही आठवत नाही.” निष्काळजीपणाचा ठपका त्याच्यावर आला आणि नोकरी गेली. आता तो एका गोदामाच्या फाटकावर बसतो.

देव आता आपल्याला टाकून देईल, असं मास्तरांना वाटलं होतं. खरं तर त्यांना तेच हवं होतं. पण प्रार्थनेला बसलं की तो पूर्वीसारखाच जवळ असायचा. चिडलेला बाप परवडला. ताट वाढून वाट बघणाऱ्या बापासमोर घास उतरत नाही.

एका रविवारी वर्गाचा धडा होता: माणूस शब्द मोडतो, देव मोडत नाही. सकाळी मास्तर टिपणं काढत होते, बायको भाजी निवडत होती.

“देव विश्वासू आहे, हे मलाही ठाऊक आहे,” ती मान वर न करता म्हणाली. “माझ्या भावाला एखादा माणूस विश्वासू मिळाला असता, तरी भागलं असतं.”

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण ती दोघांनाही ओळखून होती.

वर्गात मास्तरांनी टिपणं बाजूला ठेवली आणि सात जणांसमोर सगळं सांगून टाकलं. मेहुणाही त्यात होता. अपघातानंतर बरा झाल्यापासून त्यानं एकही रविवार चुकवला नव्हता. मास्तर रडले. एका बाईनंही डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, “केवढं धाडस, मास्तर!”

मेहुणा उठला.

“इथं रडायला काय लागतं, भाऊजी? इथं सगळे माफ करायलाच बसलेत. उद्या कंपनीत जाऊन सांगा.”

सोमवारी मास्तर साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ते खुर्चीत मागे रेलले.

“फाइल बंद झालीय, मास्तर. का उकरताय? देवानं माफ केलं ना तुम्हाला?”

“केलंय.”

“मग आम्हाला कशाला कामाला लावता?”

“त्यानं केलंय, म्हणूनच आलोय,” मास्तर म्हणाले. “नसतं केलं, तर तोंड लपवून बसलो असतो.”

साहेब हसले. पण जबाब लिहून घ्यावाच लागला. चार दिवसांत मास्तरांचं लायसन्स गेलं, पाठोपाठ नोकरी. चर्चच्या वडीलमंडळानं बैठक घेऊन त्यांच्याकडून वर्ग काढून घेतला. मेहुण्यावरचा ठपका कागदोपत्री पुसला गेला. पण कामावर परत घेता येणार नाही, असंही त्याच कागदात होतं. टपावर चढायला दोन्ही हात धड लागतात.

तो कागद घेऊन मास्तर गोदामाच्या फाटकावर गेले. मेहुण्यानं तो दोनदा वाचला आणि डाव्या हातानं घडी घालून खिशात ठेवला.

“आईला दाखवीन,” तो म्हणाला. “तिला वाटायचं, मीच धांदरट.”

मास्तरांनी तोंड उघडलं.

“माफी मागू नका, भाऊजी. अजून देता येत नाही मला. रोज मागतो देवाकडे, मला तेवढं जमू दे म्हणून. तो देईल. त्याचं काही सांगता येत नाही, कधी देईल. रविवारी येणार ना?”

“वर्ग आता माझ्याकडे नाही.”

“मग शिकायला या. मी येतोच आहे.”

“कुठं बसू?”

“बसा कुठंही,” मेहुणा म्हणाला. “माझ्या शेजारी नको.”

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. मेहुण्यानं फाटकाला खांदा लावला. मास्तर दुसऱ्या बाजूनं लोटायला पुढे झाले, आणि त्यानं त्यांना अडवलं नाही.