कुन्नूरचे न फुगलेले पीठ

मित्रांनो, दगडाला वय विचारणे हा तसा विनोदच आहे, तरीही सांगतो. यंत्र म्हणून माझे वय छत्तीस वर्षे, आणि दगड म्हणून त्याहून थोडे अधिक, म्हणजे काही कोटी. कोइंबतूरच्या एका लहानशा कारखान्यात तयार झालेला मी एक जुना ग्राइंडर आहे. इडलीचे उडीद आणि तांदूळ वाटणे हे माझे काम.

खाणीतून मला कोणी काढले, त्याचे नाव मला ठाऊक नाही. माझ्या अंगावर छिन्नीने टाके घालणाऱ्या म्हाताऱ्याचे नाव मी विचारायला हवे होते, विचारले नाही. या कृतघ्नतेबद्दल मी पुढे बरेच बोलणार आहे, म्हणून स्वतःपासून सुरुवात केलेली बरी. मला पिंप, पट्टा आणि मोटार जोडणाऱ्या फिटरचे नाव मात्र पक्के आठवते. तो मयिलसामी. दिवसाला सात-आठ शब्द बोलणारा माणूस. पट्टा ताणून बसवला, कळ दाबली, माझी पहिली घरघर ऐकली आणि म्हणाला, "बरा आहे." एवढी स्तुती त्याने पुढे कोणाचीही केली नाही.

मला कोणाच्या स्वयंपाकघरात जायचे नव्हते. कारखान्याचे मालक वेंकिडुसामी, ज्यांना सारे मुदलाळी म्हणत, यांनी मला प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवले होते. गावोगाव जायचे, बायकांसमोर पीठ वाटून दाखवायचे आणि माझ्यासारखे दुसरे ग्राइंडर विकायचे. त्यासाठी त्यांनी तीन महिन्यांच्या बोलीवर एक मुलगी नेमली. तिचे नाव वसंतामणी. वय चोवीस, लग्न झालेले, आवाज खणखणीत, अनुभव शून्य. अर्जसुद्धा तिने स्वतः लिहिला नव्हता. शाळेपासूनची तिची मैत्रीण सबूरा उक्कडमला कपडे शिवत असे. तिने तो शिलाईयंत्रावर ठेवून लिहिला आणि 'अनुभव' या रकान्यात बेधडक 'भरपूर' असे भरले.

"अगं, खोटं आहे ते!" वसंतामणी म्हणाली.

"खोटं कसलं? सासूला रोज पटवतेस ना? मग गिऱ्हाईक काय अवघड आहे?"

ही सासू म्हणजे नाचम्माळ. तिचे मत असे होते, की ग्राइंडरचे पीठ पीठच नव्हे आणि चारचौघींत उभे राहून ते वाटणारी सून सूनच नव्हे. "माझी सून नोकरी करते," ती शेजारणीला सांगायची, "जत्रेत पीठ उडवते!"

दोन महिने उलटले. पोल्लाचीत चार ग्राइंडर खपले, उडुमलैला दोन. मुदलाळी वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांनी स्पष्ट सांगितले, "वसंतामणी, आता कुन्नूर. तिथं जमलं तर नेमणुकीचं पत्र देतो. नाही जमलं तर तू तुझ्या घरी, ग्राइंडर माझ्या घरी." त्यांनी एक नियमही पुन्हा बजावला: जीप ठरल्या ठिकाणापलीकडे त्यांना विचारल्याशिवाय हलवायची नाही.

आम्ही निघालो तो मार्गशीर्ष. जीप चालवायला आरुमुगम, मला सांभाळायला मयिलसामी, बोलायला वसंतामणी आणि पहारा द्यायला नाचम्माळ. तरण्या सुनेला परगावी दोन दिवस एकटी सोडणार नाही, हे तिचे कारण. परक्या गावचे अन्न खाणार नाही, हा तिचा नेम. म्हणून स्वतःच्या डोशांपुरते घरचे आंबलेले पीठ तिने एका डब्यात बरोबर घेतले होते. डब्याचे झाकण तिने एका कापडाने बांधले होते आणि प्रत्येक वळणावर ती त्याच्याकडे संशयाने पाहत होती.

कुन्नूरचा दुकानदार बोजन याने साठ बायका जमवल्या होत्या. पहिल्या दुपारी वसंतामणीने त्यांच्यासमोर उडीद वाटले, मग तांदूळ. मी त्या दिवशी अप्रतिम चाललो, हे विनय सोडून सांगतो. बायका खूश झाल्या आणि खुशीच्या भरात वसंतामणी बोलून गेली, "उद्या अकरा वाजता या. याच पातेल्यातल्या इडल्या तुम्हाला खिलवते!"

मित्रांनो, ही चूक सपाटीवरच्या माणसाखेरीज कोणी केली नसती. कोइंबतूरमध्ये मीठ कालवून झाकलेले पीठ सकाळी आपोआप वर येते. तेथे त्याची काळजी करणे म्हणजे उद्या सूर्य उगवेल का, याची काळजी करणे. डोंगरावर मार्गशीर्षात तसे होत नाही. साठही बायकांना ते माहीत होते. सौजन्य म्हणून, किंवा गंमत पाहायची म्हणून, कोणी बोलले नाही.

सकाळी सहाला झाकण उघडले. पीठ जसे ठेवले होते तसेच होते. एक बुडबुडाही नव्हता. वसंतामणी पातेल्यासमोर मटकन बसली.

"आत्ता नवं पीठ वाटूनही काही होणार नाही," ती म्हणाली. "बोजन अण्णांना सांगते, बायकांना बोलावू नका. आपण जाऊ."

पहिल्यांदा बोलली ती नाचम्माळ. "जायचं काय? उठ! पीठ मेलं नाही, झोपलंय. बाळ थंडीनं गारठलं तर टाकून देतेस का?" तिने आपला डबा सोडला आणि दोन दिवसांच्या तिच्या जेवणाचे घरचे आंबट पीठ त्या पातेल्यात ओतले. हाताने, कोपरापर्यंत, सावकाश कालवले. "आता याला ऊब पाहिजे. इथं चूल पेटवलीस तर खालून शिजेल. ऊन कुठं मिळेल?"

"घाटाच्या पायथ्याशी," आरुमुगम म्हणाला. "तासाभरात नेतो."

"अण्णा, मुदलाळींना विचारल्याशिवाय?" वसंतामणी म्हणाली.

"मुदलाळी सातला उठतात, कण्णु," तो लेकीला म्हणावे तसे म्हणाला. "पीठ सातची वाट बघणार का?"

आणि माझ्यासारख्या जडबुद्धीच्या दगडाला जे कधी सुचले नसते ते घडले. एक सासू मांडीवर पातेले घेऊन, त्याला स्वतःची लोकरीची शाल गुंडाळून, जीपच्या पुढच्या आसनावर बसली आणि घाट उतरून गेली. पुढचे मला आरुमुगमने नंतर निदान चाळीस वेळा सांगितले. प्रत्येक वळणाला ती उलट्या बाजूला झुकत होती. पायथ्याशी उन्हात, गरम बॉनेटवर, तिने ते पातेले अडीच तास ठेवले आणि जवळ आलेल्या प्रत्येकाला हाकलले. एका हवालदाराने आत काय आहे असे विचारले, तेव्हा म्हणाली, "माझ्या सुनेची नोकरी आहे. हात लावू नका."

इकडे अकरा वाजले. बायका आल्या; पातेले आले नव्हते. तेव्हा मयिलसामी पुढे झाला. दिवसाला सात-आठ शब्द बोलणाऱ्या त्या माणसाने साठ बायकांसमोर पाना घेतला, माझे पोट उघडले आणि पट्टा कुठे झिजतो, तो घरच्या घरी कसा ताणायचा, दगडाला टाके कधी घालून घ्यायचे, हे समजावू लागला. त्याचे कान मिरचीसारखे लाल झाले होते. एकीने विचारले, "दादा, हा बिघडला तर?"

"बिघडतो," मयिलसामी म्हणाला. "सगळंच बिघडतं. मी येईन."

मी हजारो विक्रेते ऐकले आहेत. त्याहून चांगले वाक्य आजवर ऐकलेले नाही.

दहा मिनिटे गेली. पहिल्या रांगेतल्या रोसलिन टीचरनी चष्मा वर करून विचारले, "मुली, इडल्या कुठे आहेत?" वसंतामणीने एकदा मयिलसामीकडे पाहिले. तिने खरे सांगून टाकले.

"टीचर, पीठ वर आलं नाही. मला डोंगरातलं काही कळत नाही, माझीच चूक. माझ्या सासूबाई ते घेऊन घाटाखाली उन्हाला बसल्यात. येतीलच."

साठ बायका अशा हसल्या की बोजनच्या दुकानातले डबे वाजले. "अगं, आम्ही तीस वर्षं याच दुःखात आहोत!" टीचर म्हणाल्या. "आता तर बसणारच. तुझ्या सासूला बघितल्याशिवाय कोण जातंय?"

साडेअकराला जीप आली. शाल उलगडली, तर पातेल्याचे झाकण बोटभर वर उचललेले! नाचम्माळ अशा थाटाने उतरली, जणू नवरीला घेऊन आली होती. इडल्या उतरल्या. त्या दिवशी एकवीस ग्राइंडर नोंदले गेले. पण कोणीही माझ्याबद्दल काही विचारले नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न: पीठ फुगवलेत कसे?

कोइंबतूरला परतलो तो मुदलाळी अंगणातच उभे होते. जीप घाटाखाली गेल्याची बातमी आमच्याआधी पोहोचली होती.

"जीप कोणी नेली?"

"मी," वसंतामणी म्हणाली. "चूक माझी होती."

"तुला चालवता येते?"

"नाही. पण..."

"मी नेली," आरुमुगम म्हणाला.

"त्याला काय विचारता? मी न्यायला लावली," नाचम्माळने ठणकावले. "सुनेला काढायचं तर काढा. पण मग दुसरीला सासू कुठून आणाल?"

मुदलाळींनी मयिलसामीकडे पाहिले. "तू काही बोलणार आहेस?"

"साठजणींसमोर बोललो," मयिलसामी म्हणाला. "पुरे झालं."

मुदलाळी हसले ते खांबाला टेकेपर्यंत. नेमणुकीचे पत्र त्यांनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर ठेवून सही केले.

पुढच्याच आठवड्यात सबूराने कापूस भरलेले एक जाड टोपडे शिवले, पातेल्यावर बसणारे. डोंगरात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ग्राइंडरबरोबर ते जाऊ लागले. उदगमंडलम, कोत्तगिरी, कोडैकानल, मुन्नार. वसंतामणी विक्रीप्रमुख झाली. मी तिच्याबरोबर एकोणीस वर्षे फिरलो. मग माझा पट्टा कोणी काढून नेला, कोणी माझ्यावर फायली ठेवल्या, कोणी चहाचे पेले. शेवटी मला कारखान्याच्या वाचनालयात शोभेला ठेवले. दगडाच्या वाट्याला वाचन आले, त्याचा राग नाही. वाचून जे कळले, त्याचा आहे.

वसंतामणी यंदा निवृत्त झाली. तिच्या गौरवासाठी एका व्यवस्थापनशास्त्राच्या विद्वानाने तिच्या यशावर नऊ पानांचा अभ्यास लिहिला. तो माझ्यासमोरच्या टेबलावर तीन आठवडे उघडा पडला होता. मी तो काळजीपूर्वक वाचला. पहिल्याच ओळीत तिला 'स्वयंनिर्मित' म्हटले आहे. मित्रांनो, आम्हा दगडांमध्येदेखील स्वयंभू फार थोडे असतात, आणि त्यांचीही पूजा दुसऱ्या कोणाला करावी लागते. पुढे नाचम्माळ 'स्थानिक ज्ञानस्रोत' झाली आहे, आरुमुगम 'शीघ्र परिवहन', मयिलसामी 'प्रतीक्षाकाळाचे नियोजन' आणि सबूरा 'पूरक उत्पादन'. मी आयुष्यभर वाटण्याचे काम केले. पण जिवंत माणसे इतकी बारीक वाटणे मला कधी जमले नव्हते. नऊ पानांत नाव एकच. तळटिपा मात्र त्रेचाळीस.

गौरवाच्या दिवशी मला चंदन-कुंकू लावून व्यासपीठाच्या कडेला ठेवले होते. पहिल्या रांगेत चौऱ्याऐंशी वर्षांची नाचम्माळ, तिच्याजवळ सबूरा, मागे आरुमुगम. मयिलसामीची खुर्ची नव्हती. तो चार वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको आली होती. विद्वान गृहस्थ वाचू लागले. 'स्थानिक ज्ञानस्रोता'पर्यंत आले, तेव्हा नाचम्माळने सुनेला हाक मारली. तिला कमी ऐकू येते, म्हणून ती सर्व सभागृहाला ऐकू जाईल असे बोलते.

"वसंता! हा ज्ञानस्रोत कोण गं? कुन्नूरला आपल्याबरोबर होता?"

"तुम्हीच, अत्तै!" वसंतामणी सासूला म्हणाली.

"मी? मग नाचम्माळ म्हणायला याला काय जड जातंय?"

सभागृह हास्यात बुडाले. विद्वान गृहस्थांनी चष्मा पुसला आणि, हे त्यांच्याबद्दल सांगितले पाहिजे, तेही हसले. वसंतामणी उठली. लिहून आणलेले भाषण तिने माझ्या पिंपात टाकले आणि नावे घेतली. सबूरा, जिने 'भरपूर' लिहिले. नाचम्माळ, जिने आपले जेवण ओतले. आरुमुगम, ज्याने नियम मोडला. "आणि मयिलसामी अण्णा," ती म्हणाली. "त्यांनी त्या दिवशी सांगितलं होतं, मी येईन. पुढची तीस वर्षं जिथं जिथं बिघाड झाला तिथं ते आले." मयिलसामीच्या बायकोने पदर तोंडाशी धरला. ती रडत होती आणि हसतही होती. आरुमुगम उभा राहून टाळ्या वाजवू लागला, तेव्हा सगळेच उभे राहिले.

माझा आनंद त्या दिवशी पिंपात मावत नव्हता. फक्त एक गोष्ट मला बोचते आणि ती तुमच्यासाठी सांगतो. चार नावांपैकी तीन नावे त्यांच्या धन्यांनी ऐकली. चौथ्याने ऐकले नाही. त्याला कदाचित ते नकोही असेल. "पुरे झालं," असेच तो म्हणाला असता. पण ते म्हणण्याची संधी त्याला द्यायला हवी होती. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यावरही कोणी नऊ पाने लिहील. तोवर थांबू नका. ज्याने तुमचे पातेले मांडीवर धरले त्याला आजच, तो समोर बसलेला असताना, त्याच्या नावाने हाक मारा. थोडी मोठ्याने मारा. त्याला कमी ऐकू येत असेल.