झिपारचं दूध

"पाणी नाही गं, दूध आहे हे. वास घेऊन बघ!" उमसुनाय आपाने सुनेचा भिजलेला सदरा परिचारिका कालीपाच्या नाकाशी धरला.

कालीपाने नारीन शहरातल्या या दवाखान्यात एकतीस वर्षं काढली होती. तिने समोरच्या सुनेकडे, झिपारकडे पाहिलं. वय चौतीस. अकरा महिने पाळी नाही, दिवसही गेलेले नाहीत. एकुलता मुलगा आठ वर्षांपूर्वी चाळीस दिवसांच्या आतच गेलेला.

"अल्बार्स्ती आहे," आपा कुजबुजली. "बाळंतिणींना छळणारी ती हडळ. आमच्या पोराला घेऊन परत आलीय."

"मला दिसते ना ती, एजे," झिपार कालीपाला थोरल्या बहिणीच्या नात्याने म्हणाली. "दोन्ही बाजूंना काळोख असतो. माणसं त्यातून एकदम पुढ्यात येतात. काल नवरा तसाच आला. किंचाळलेच मी."

हडळीला न भ्यालेली कालीपा या बोलण्याने चरकली. झिपारला नाकासमोर बघायला लावून तिने आपली बोटं बाजूंनी हळूहळू पुढे आणली. बोटं गालांपुढे आली तरी झिपारला ती दिसेनात.

आठवड्याने तपासण्यांचे अहवाल आले. कालीपाने दोघींना समजावलं, "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती दर महिन्याला अंडाशयाला हुकूम सोडते, बीज पिकव म्हणून. अंडाशयाच्या हार्मोन्सनी गर्भाशयात अस्तर धरतं. गर्भ राहिला नाही की ते गळतं, तीच पाळी. तुझ्या ग्रंथीत गाठ झालीय. ती दुधाचं हार्मोन भरमसाट सोडतेय. अंगावर पिणारं मूल आहे असं शरीर धरून चाललंय, म्हणून पाळीचे हुकूम बंद. गाठ डोळ्यांच्या नसाही दाबतेय. गोळ्यांनी आकसेल."

"आणि दूध?"

"आटेल."

झिपार उठलीच. "मग नको. पहाटे छाती भरून येते तेव्हा तो रडतो. मला ऐकू येतं."

"मलाही येतं," आपा म्हणाली.

मग आपानेच सुनेचा हात धरून तिला खाली बसवलं. "गोळी घे, पोरी. तो माझाही होता. पण तू अजून आहेस."

वसंतात झिपार एकटीच आली. "पाळी आली, एजे."

कालीपाने तारीख लिहिली.

"दूध संपलं तीही लिही. तीन मार्च."

"त्याला रकाना नाही गं."

"कडेला लिही."

कालीपाने समासात तारीख लिहिली. झिपारने वाकून ती दोनदा वाचली आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.