वीणाताईंचे तीन मिस्ड कॉल

मी थापा मारतो हे इथे परदेशात, आमच्या क्लेटन उपनगरात, कोणापासून लपलेलं नाही. माझ्या छपरावर राहणारा पॉसम, मांजराएवढा एक रानटी प्राणी, एकादशी धरतो, त्या दिवशी राजगिऱ्याच्या लाडवाशिवाय कशाला तोंड लावत नाही, हे मी निम्म्या वस्तीला पटवलेलं आहे. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ट्रकने मला एकदा कचऱ्याच्या बिनसकट उचललं आणि पलीकडच्या ग्लेन वेव्हर्लीला नेऊन ओतलं, हेही. ते ऐकून एका भल्या माणसाने कौन्सिलला तक्रारीचं पत्र धाडलं होतं. तेव्हा पुढचं वाचताना तुम्ही मनात शंका धरलीत तर माझी हरकत नाही. सुखदानेही धरलीच होती.

कौन्सिलची एक सेवा आहे. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना रोज सकाळी कोणीतरी स्वयंसेवक फोन करतो. पाच प्रश्न ठरलेले: झोप लागली का, काही खाल्लं का, गोळ्या घेतल्या का, कुठे दुखतंय का, आज कोणी येणार आहे का. उत्तरं कौन्सिलच्या साइटवर भरायची, खाली शेरा लिहायचा. महिन्याच्या शेवटी ते सगळं घरच्यांना ईमेलने जातं. फोन उचलला नाही तर ऑफिसला कळवायचं, मग ते माणूस पाठवतात. मराठी बोलणारा कोणी हवा होता. सून म्हणाली, बाबा, तुम्ही जा, आम्हाला जरा उसंत मिळेल. शहात्तराव्या वर्षी मी असा नोकरीला लागलो.

माझ्या वाट्याला आल्या वीणाताई. चिपळूणच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई. नवरा गेल्यावर युनिव्हर्सिटीजवळच्या छोट्या बैठ्या घरात एकट्या राहायच्या. सुखदा ही त्यांची एकुलती मुलगी, कॅनबेराच्या गुंगालिन भागात, सरकारी नोकरीत. आईचं नाव तिनेच नोंदवलं होतं.

पहिला आठवडा वीणाताईंनी पाची प्रश्नांची उत्तरं दिली. आठव्या दिवशी म्हणाल्या, मी काय वॉर्डात दाखल झालेली पेशंट आहे का हो? पुढच्या गुरुवारी कौन्सिलच्या बसमधून आम्ही म्हातारी मंडळी भाजी आणायला निघालो, तेव्हा माझ्या शेजारी बसून त्यांनी नवा नियम सांगितला. सुखदा चिपळूणहून पुण्याला शिकायला गेली तेव्हा एसटीतून उतरली की घरी एक रिंग देऊन कट करायची. पोचले, ठीक आहे, एवढा त्याचा अर्थ. तसंच करायचं. सकाळी आठला त्या मला एक मिस्ड कॉल देणार. मी उचलायचा नाही. काय बोलायचं ते गुरुवारी बसमध्ये बोलू.

"आणि उचललात तर नियम मोडला," त्या म्हणाल्या. "मग मी कौन्सिलला सांगेन की हा माणूस पॉसमला उपास घडवतो."

मला ते फारच सोयीचं होतं. आठला फोन एकदा वाजायचा, मी चहा ओतायचो आणि पाची प्रश्नांपुढे टिक करायचो. राहिला शेरा. तो मी मनाने लिहायचो. आज पोहे केले, वर ओलं खोबरं. आज जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, खुशीत आहेत. आज अंगणातल्या लिंबाला पहिलं लिंबू धरलं. वीणाताईंना अंगण नव्हतं. पण वर्षभरात माझे शेरे ऑफिसात इतके गाजले की सेवेचं काम बघणारी मिताली, आपली गुजराती मुलगी, ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवायची. माझ्या नावाचं तिथे लाडाने पॅडी झालं.

जुलैतला बुधवार. आठला एक रिंग झाली, कट झाली. मी टिक केलं. आठ वाजून बावीस मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. वीणाताई. आदल्या गुरुवारी बसमध्ये त्यांनी माझा पॉसम सगळ्यांसमोर उघडा पाडला होता. यंदाच्या एकादशीच्या तारखा विचारल्या, मला एक सांगता आली नाही. मी रुसून बसलो, तर म्हणाल्या, एवढं काय, बुधवारपर्यंत मनवते तुम्हाला. मला वाटलं, बाई चेष्टेवर आल्यात. फोन वाजतच राहिला तसा मी कट केला. चोवीसला पुन्हा. कट. एकतीसला पुन्हा. मी हसत कट केला आणि शेरा लिहिला: आज खूप गप्पा मारल्या, तब्येत ठणठणीत.

त्या वेळी वीणाताई कपडे धुण्याच्या खोलीत फरशीवर पडल्या होत्या. खुबा मोडला होता. फोन गाउनच्या खिशात होता, आणि वर पहिलाच नंबर माझा. सुखदाला ऑफिसात कशाला घाबरवायचं, अँब्युलन्सवाल्यांशी त्या अवस्थेत इंग्रजी कुठे बोलायचं, असा त्यांनी विचार केला असणार. मराठी माणूस आठ मिनिटांवर राहतो, त्याला बोलवू. तिसऱ्यांदा कट झाल्यावर फोन हातातून निसटून वॉशिंग मशीनखाली गेला, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. संध्याकाळी पाचला शेजारच्या ग्रीक आजीला दिसलं की वीणाताईंचा बिन अजून रस्त्यावरच आहे. ट्रक गेल्यावर दहा मिनिटांत बिन आत ओढणारी ही बाई. आजीने दार ठोठावलं, मग अँब्युलन्स बोलावली. नऊ तास थंड फरशीवर.

सुखदा त्याच रात्री गाडी चालवत आली. मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो तेव्हा ती आईला विचारत होती, फोन कुठे होता, कोणालाच का नाही केलास?

"स्वयंपाकघरात होता," वीणाताई म्हणाल्या. "हात पोचला नाही."

सुखदा डॉक्टरांना भेटायला बाहेर गेली. मी पलंगाशी उभा होतो. वीणाताईंनी ऑक्सिजनची नळी जरा बाजूला केली.

"जमलं की मला," त्या म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा बरं जमलं. पाल्हाळ नाही."

खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. न्यूमोनिया मात्र हटला नाही. दहाव्या दिवशी त्या गेल्या.

दिवस झाल्यावर मितालीचा फोन आला. कौन्सिलच्या बातमीपत्रात या सेवेवर एक पान करायचं ठरलं होतं. वर्षभरात तीनशेच्या वर फोन, एक मराठी आजी, एक मराठी आजोबा. अंकल, आपका और सुखदाजी का एक फोटो चाहिए बस. सुखदा हो म्हणाली होती. आईचं घर आवरायला ती थांबलीच होती, तर शनिवारी मला चहाला बोलावलं.

खोकी बांधून भिंतीशी लावली होती. सुखदाने शेऱ्यांचे सगळे ईमेल छापून एका फाइलमध्ये लावले होते. ती मला वाचून दाखवायला लागली. काका, हे ओल्या खोबऱ्याचे पोहे. मी ते वाचून मुद्दाम पोहे केले होते, तिकडे. आणि हे लिंबू, आईने मला लिंबाचं कधी सांगितलंच नाही, कुंडीत लावलं होतं का हो? मग फाइल मिटून म्हणाली, तिला ते गळ्यात घालायचं बटण, दाबलं की मदत येते ते, घेऊन द्यायचं होतं मला. दर महिन्याला म्हणायचे, पुढच्या वेळी. मी सहाशे साठ किलोमीटरवर बसून ईमेल वाचत राहिले आणि आई नऊ तास कोणाला हाक मारू शकली नाही.

हे मला ऐकवेना. मी सांगून टाकलं. मिस्ड कॉलचा नियम, न विचारता केलेलं टिक, मनाने लिहिलेले पोहे, ते तीन फोन. सलग सांगितलं, मध्ये थांबलो नाही.

सुखदाने ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, काका, आईने मला स्वतः सांगितलंय फोन कुठे होता. ती कधी खोटं बोलायची नाही. तुमच्या गोष्टींबद्दलही सांगायची. माझं ओझं हलकं करायला तुम्ही हे जुळवलंत, मला कळतंय. पण असं स्वतःवर घेऊ नका.

मी तिथे उठू शकलो असतो. दोन बायका, एक जिवंत आणि एक गेलेली, मला सोडून द्यायला तयार होत्या. मी खिशातून फोन काढला, त्या बुधवारची यादी उघडली आणि तिच्यापुढे सरकवला.

तिने वाचलं. आठ, आठ बावीस, आठ चोवीस, आठ एकतीस. बोट खाली घेतलं, पुन्हा वर नेलं. मग फाइल उघडून तिने त्या बुधवारचं पान काढलं. माझा शेरा साडेआठनंतरचा होता, वेळ छापलेली होती. फोन आणि पान तिने शेजारी शेजारी ठेवलं.

"शेवटचा किती वेळ वाजला?"

"मी कट करेपर्यंत."

चहा उतू गेला तो तिने उठून बंद केला, आणि तिथेच माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आता तुम्ही जा, काका."

सोमवारी मी मितालीला ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. तिने पहिल्या वाक्यालाच विश्वास ठेवला. सुखदाचा फोन आधीच येऊन गेला होता. माझं नाव सेवेतून काढलं, ते योग्यच झालं.

बातमीपत्र महिनाअखेरीला दारात पडलं. आमच्यासाठी ठरलेल्या पानावर एका बाईने पिकवलेल्या भोपळ्याचा फोटो होता. खाली वजन दिलं होतं, छप्पन किलो. मी दोनदा वाचलं. असेलही खरं.