पडद्यावरची कावीळ

दर गुरुवारी रिसालीच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नसे. चपलांचा ढीग दारापासून थेट पानठेल्यापर्यंत. आत अंधार, उदबत्त्यांचा धूर आणि समोर भिंतभर पडदा. पडद्याशेजारी झोपाळ्यावर वर्णानंदबाबा, हातात माइक.

"फोटो वही, आदमी वही!" बाबा गरजत. "कैमरा चमड़ी देखता है, मेरा परदा आत्मा देखता है. डॉक्टर क्या देखता है? तुम्हारी जेब!"

लोक हसत, टाळ्या पिटत. मग एकेकाचा फोटो पडद्यावर येई.

त्या गुरुवारी पंचफुलाबाईंचा आला आणि गुलाबराव पुढे सरकले. तीन आठवड्यांपूर्वी याच पडद्यावर बायकोचा चेहरा हळदीत बुडवल्यासारखा पिवळा होता. पुढच्या गुरुवारी पिवळेपणा उतरला, त्यापुढच्या गुरुवारी आणखी उतरला आणि आज गाल चक्क गुलाबी. फोटो मात्र तोच, पहिल्या दिवशी काढलेला.

"माय वो!" शेजारच्या क्वार्टरमधल्या ठकूबाईंनी हात जोडले. "पाह्य ना गुलाबभाऊ, वैनी कशी उजळून राहिली!"

गुलाबराव काही भोळे गृहस्थ नव्हते. उभी नोकरी पोलादाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये, तापवणीच्या भट्टीसमोर गेली होती. लोखंड लालसर आहे की नारिंगी, की लिंबासारखं झालं, यावरून ते नुसत्या नजरेने उष्णता सांगत. मीटर नंतर सांगे, आणि तेच सांगे. माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, रंग बोलणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यात पडद्यामागच्या कॉम्प्युटर मशीनवर बसणारा नरेश हा त्यांचा सख्खा भाचा. बहीण गेल्यावर पंचफुलाबाईंनीच त्याला वाढवलेला. त्याचा फोटो स्टुडिओ निघाला तेव्हा उद्घाटनाचा नारळही मामींनीच फोडला होता.

तरीही त्यांनी आपल्या परीने खात्री करून घेतली होती. फोटोचा पेन ड्राइव्ह बाबांच्या आज्ञेने घरच्या देव्हाऱ्यात असे. गुरुवारी तेवढा मशीनला लावायचा, की पुन्हा देव्हाऱ्यात. घरी येऊन ते तो टीव्हीला लावून पाहत. टीव्हीवर दर वेळी पंचफुलाबाई आपल्या नेहमीसारख्या सावळ्या. म्हणजे फोटोला कोणी हात लावलेला नव्हता. रोग दिसत होता तो फक्त बाबांच्या पडद्यावर. ही खात्रीच त्यांना घेऊन बुडाली.

पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, तो काढावा लागेल, उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुलाबरावांनी नरेशला एकट्याला गाठून विचारलं होतं, "नरेश, करू का आपरेशन? तू म्हनशील तसं."

नरेश खाली मान घालून म्हणाला होता, "मामा, रंग पाहा ना."

आता रंग पाहिला होता. आधी पडद्यावरचा रंग सुधारतो, शरीर मागून येतं, थोडा धीर धरा, असं बाबा सांगत. त्यामुळे घरात बायकोच्या डोळ्यांकडे ते फारसं पाहतच नसत. तिचं अंग खाजवणं, जेवण टाकणं, सगळं 'मागून येणाऱ्या'त जमा होत होतं.

सभेहून ते तिला घेऊन थेट पद्मनाभपुरला गेले, लेकीला आनंदाची बातमी द्यायला. दिपाली छपाईच्या कारखान्यात रंगाच्या कामावर होती. छापायच्या खोक्यावरचा लाल कॉम्प्युटरवर आणि कागदावर एकच दिसतो की नाही, हे पाहणं तिचं रोजचं काम. तिने आईला गॅलरीत उजेडात नेलं, पापणी खाली ओढली आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, हिचे डोळे पाहिले का तुम्ही? अंग तापून राहिलं हिचं!"

"अवं, पडद्यावर पाह्य तू! पार गुलाबी झाली तुही आई."

आईला आत निजवून दिपालीने हात पुढे केला. "द्या तो पेन ड्राइव्ह."

तिच्या लॅपटॉपवर पंचफुलाबाई उमटल्या. गुलाबी. अगदी सभेतल्यासारख्या.

गुलाबराव चपापले. "तुह्या मशीनमंदी बाबा कसे आले?"

"बाबा नाही आले. चिठ्ठी आली." दिपालीने दुसरी खिडकी उघडली. "फोटोच्या फाइलीत दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे ठिपक्यांचे आकडे. दुसरी म्हणजे ते आकडे कोणत्या रंगाचे समजायचे, हे सांगणारी चिठ्ठी. तिला प्रोफाइल म्हणतात. तिच्यात छोटे छोटे कप्पे असतात, टॅग. लाल किती, हिरवा किती, निळा किती, ज्याचा त्याचा कप्पा. निळ्याच्या कप्प्यात गडबड केली तर चेहरा पिवळा होते. लालच्या कप्प्यात केली तर असा गुलाबी. फोटोतला एकही ठिपका हालत नाही."

"अन् आमचा टीव्ही?"

"तो ही चिठ्ठी वाचतच नाही. म्हणून त्याच्यावर आई जशी होती तशीच दिसली. सभेतलं मशीन वाचते, माझंही वाचते. दर गुरुवारी पेन ड्राइव्ह लावला, की कोणीतरी आतली चिठ्ठी बदलत होता."

"कोणीतरी" म्हणताना तिने वडिलांकडे पाहिलं नाही. प्रोफाइलमध्ये नावाचा एक कप्पा असतो. बनवणारा आपल्या सोयीने त्यात काहीही लिहितो. दिपालीने तो उघडला. आत रोमन अक्षरांत दोनच शब्द होते, 'मामी चार'.

गुलाबरावांनी ते वाचलं. चौथा गुरुवार, चौथी चिठ्ठी. बाबा लबाड निघाला, याचं त्यांना आश्चर्य नव्हतं. जगात लबाड असतातच. पण फसवणुकीला नाव देतानाही पोराच्या बोटांना 'मामी'च सुचलं होतं.

त्याच संध्याकाळी पंचफुलाबाई दवाखान्यात दाखल झाल्या. खडा निघाला, पण विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आधी आणायचं होतं, काका. आता पाहू."

पुढच्या गुरुवारी गुलाबराव दवाखान्यातून उठून सभेला गेले. संगतीला दिपाली आणि तिने तयार करून दिलेला पेन ड्राइव्ह. त्यांची पाळी आली तेव्हा नरेशने सवयीने हात पुढे केला.

"राहू दे," गुलाबराव म्हणाले, "आज मी लावतो."

लेकीने शिकवल्याप्रमाणे त्यांनी दोनदा बटण दाबलं. पडद्यावर खुद्द वर्णानंदबाबा प्रकटले, कार्यालयाबाहेरच्या फ्लेक्सवरच्याच फोटोतले. नखशिखान्त कावीळ झाल्यासारखे पिवळे.

माना उंचावल्या. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, बाबा को पीलिया हो गया!"

गुलाबरावांनी पुढचा फोटो लावला. तोच फोटो, चिठ्ठी दुसरी; बाबा आता निळेशार. तिसऱ्यात हिरवे, पोपटासारखे. हशा उसळला.

"माया है! घोर माया!" बाबांनी माइक ओढला.

"माया नाही, टॅग आहे," दिपाली म्हणाली आणि घरी सांगितलं होतं तेच तिने सगळ्यांना सोप्या हिंदीत समजावून सांगितलं. काही लोक चपला शोधू लागले. काही मात्र बाबांचे पाय धरून तसेच बसून राहिले. ठकूबाई रडत होत्या. त्यांचाही पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात होता.

नरेश खुर्चीतून उठला. "मामा, बाबा म्हनले, नुसता धीर द्यायचा आहे लोकायले. मले वाटलं, तुम्ही आपरेशन तर करालच..."

"मी तुले विचारलं होतं, नरेश."

नरेशने मशीन बंद केलं. गुलाबराव थांबले नाहीत. दाराशी मात्र वळून ते गर्दीला म्हणाले, "भाऊहो, मी शिकलेला मानूस नाही. पन जिंदगीभर भट्टीतलं लोखंड पाह्यलं मी, लोखंडाचा फोटो नाही. अन् घरच्या मानसाचा मात्र फोटो पाहत बसलो. तुम्ही असं नका करू. आजारी मानसाले उजेडात न्या, त्याचे डोळे पाहा, रक्त तपासा. डॉक्टरले शंका विचारा, दहादा विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्या दारात चपला काढू नका."

ते दवाखान्यात परतले तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं. त्यांनी वाकून पंचफुलाबाईंची पापणी हलकेच खाली ओढली. पिवळं अजून होतंच. किंचित कमी वाटलं, पण ते नुसत्या वाटण्यावर विसंबले नाहीत. रक्ताचा रिपोर्ट कधी येईल, हे त्यांनी नर्सला विचारून घेतलं.

पंचफुलाबाईंनी डोळे उघडले. आवाज अगदी क्षीण होता.

"दिपालीचे बाबा, नरेश नाही आला का वो?"